काळ्या पोटाचं पाखरू

स्वतःच्या बापाच्या चितेभोवती पाण्याचं मडकं घेऊन फिरताना जो माणूस मध्येच थांबतो आणि आभाळातली पाखरं पाहत उभा राहतो, त्याच्याशी दोस्ती करावी का? मी केली. आणि त्या दोस्तीत मी त्याचं जे वाटोळं केलं, ते आठवलं की आजही माझा हात आपोआप कपाळावर जातो.

ती चितेची गोष्ट मला गार्डसाहेबांच्या बायकोनेच सांगितली होती. आर्वीकडे, वर्धा नदीच्या काठावर त्यांचं गाव. एप्रिलचं ऊन, नदी अर्धी आटलेली, मध्ये वाळूचं मोठं बेट उघडं पडलेलं. चितेभोवती पहिली फेरी झाली, मडक्याला दगडाने भोक पाडलं, पाण्याची धार लागली. दुसऱ्या फेरीत हे थांबले. मान वर. धार खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून पायावर. भाऊबंद खाकरले, कोणी दंडाला धरून हलवलं, पण गडी हलेना. मडकं रिकामं झालं तेव्हा मान खाली आली आणि एवढंच म्हणाले, "दोन निराळे हायेत." थोरल्या चुलत्याने त्या दिवसापासून त्यांच्या घरचं पाणी सोडलं. निम्म्या गावाने चुलत्याचं ऐकलं.

मी हे ऐकलं आणि हातातली पेन्सिल खाली ठेवली. वहिनी समोर फोटोला बसल्या होत्या, मान न हलवता, ओठ जेमतेम उघडून हे सगळं सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मले ना भाऊ, राग नाई आला. मी चकितच झाली. बापाहून मोठं पाखरू कोनतं असते, हे मले अजून समजलं नाई."

तेव्हा मी वर्ध्यात एका फोटो स्टुडिओत रिटचिंगला होतो. पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. हे काम आता कोणाला माहीत नाही म्हणून सांगतो. काचेमागे दिवा लावून त्यावर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावर बारीक बारीक टिपके द्यायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. जिथे पेन्सिल चालली तिथे कागदावर उजेड उमटतो. देवीचे वण जातात, डोळ्याखालचं काळं जातं, रंग दोन-तीन पायऱ्या उजळतो. आमचे मालक म्हणत, काळा मानूस आत येते आन् गोरा होऊन बाहेर जाते, म्हनून तर दुकान चालते. वर्ध्यातल्या कितीतरी लग्नांना माझ्या पेन्सिलीने हातभार लावला आहे. मुलगी पाहायला आलेल्यांचे चेहरे मात्र मला कधी पाहायला मिळाले नाहीत.

गार्डसाहेब पहिल्यांदा आले ते फोटो काढायला नाही, भांडायला आले असं मला वाटलं. मालगाडीवर गार्ड. पांढरा गणवेश, खिशात शिट्टी, काखेत गुंडाळलेली दोन झेंड्यांची जोडी. आल्या आल्या भिंतीवरच्या नवरदेवांच्या फोटोंसमोर उभे राहिले आणि एकेकावर बोट ठेवत गेले. "हा, हा, हा. आन् तो वरचा. नऊ नवरदेव, कोट एकच. तिसरं बटन मागून लावलेलं हाये." मालकांनी तोंड फिरवलं. तो कोट स्टुडिओचा होता, खुंटीला टांगलेला असायचा, हे सगळं गाव जाणत होतं, पण बटन कोणी पाहिलं नव्हतं. तो कोट मी रोज झटकत असे आणि मीही पाहिलं नव्हतं. मग दर्शनी काचेतल्या एका शेठजींच्या फोटोकडे बोट करून म्हणाले, "हे शेठ मले रोज स्टेशनात भेटतात. हा दुसरा मानूस हाये." मी खाली मान घालून हसलो. तो माझाच हात होता.

त्यानंतर ते येत राहिले. ड्युटी सुटली की घरी जायच्या आधी अर्धा तास माझ्या दिव्यापाशी स्टूल ओढून बसायचे. त्यांच्यासमोर एक गोष्ट बोलायची सोय नव्हती, ती म्हणजे 'सारखंच दिसतं'. लगेच चिडायचे. "सारखं कायचं? तूनं पाह्यलं नाई म्हन." स्टेशनातले दोन हमाल जुळे भाऊ होते, त्यांची आई हाका मारताना चुकायची, पण हे पाठमोऱ्या चालीवरून ओळखायचे. मुंग्यांचे प्रकार, इंजिनांच्या शिट्ट्या, एकाच घाण्याचं आज काढलेलं आणि परवा काढलेलं तेल. एकदा माझ्याकडे जेवायला आले आणि पहिल्या घासाला माझ्या बायकोला म्हणाले, "आज वरन तुमी नाई केलं." केलं होतं शेजारणीने, बायको आजारी होती. बायको त्यानंतर त्यांच्यासमोर यायला बिचकायची.

पण हे सगळं वरवरचं. खरं वेड त्या दोन पाखरांचं. मराठीत त्यांना सुरय म्हणतात, हेही मला त्यांनीच सांगितलं. नदीवर उडणारी, लांब टोकदार पंखांची, दुभंगलेल्या शेपटीची पांढुरकी पाखरं. आपण पाहतो आणि पुढे जातो. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या नदीवर दोन जातींचे सुरय एकाच वाळूवर अंडी घालत होते. एक नदी सुरय, थोराड, पिवळ्या चोचीचा. दुसरा जरा लहान, चोच नारिंगी आणि पोट काळं. हिवाळ्यात दुसऱ्याचंही पोट पांढरं होतं आणि दोघं एकमेकांत मिसळून जातात, मग फक्त चोच आणि शेपटीवरून ओळखायचं. काळं पोट दिसतं ते उन्हाळ्यात, अंड्यांच्या दिवसांत. हे ते सांगत असायचे आणि मी "हूं, हूं" करत कोणाच्या तरी गालावर पेन्सिल चालवत असे. पोट हा शब्द माझ्या कानावर शंभरदा पडला असेल. खोटं कशाला बोलू, मी ऐकत नव्हतो. मला ते बोलताना आवडायचे, एवढंच.

मुंबईला पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांची एक संस्था होती. तिच्या अंकात गार्डसाहेबांना एक ओळ छापून यायला हवी होती. एकच ओळ, की वर्धा नदीवर अमुक ठिकाणी काळ्या पोटाचा सुरय अंडी घालतो. मी म्हटलं, एका ओळीसाठी एवढं? तेव्हा पहिल्यांदा ते माझ्याकडे न पाहता बोलले. "त्या पाखरापायी मी माह्या बापाची फेरी चुकवली गा. ते पाखरू खरं निंघावं लागते. नाई त मग मी काय पाहत उभा होतो?"

संस्थेने आधीच कळवलं होतं की नुसत्या सांगण्यावर छापत नाही, फोटो हवा. मग यांनी एका निवृत्त फौजी माणसाकडून जुना कॅमेरा घेतला. दोन उन्हाळे वाया गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात सुट्टी काढून पुलगावहून छोट्या गाडीने गेले, वाळूत धिवरांची, म्हणजे नदीवरच्या कोळ्यांची, डांगरवाडी होती, खरबुजांची; तिथल्या वेलींमध्ये अंगावर गोणपाट घेऊन दिवसभर पडून राहिले. पाठीवरची कातडी सोलून निघाली. पण तीन हातांवर पाखरू अंड्यांपाशी उतरलं, पंख वर असतानाच यांनी बटण दाबलं. एकच निगेटिव्ह साधली. ती घेऊन ते थेट स्टुडिओत आले, चेहरा भाजलेला, ओठ फुटलेले, आणि पाकीट माझ्या हातात ठेवलं.

"चोचीचा रंग फोटोत येत नाई," ते म्हणाले. "पिवळी काय आन् नारिंगी काय, कागदावर एकच करडी. आकारही एकट्या पाखरावरून कोन सांगन? म्हनून सारी भिस्त..." तेवढ्यात स्टेशनातून माणूस आला. बल्लारशाच्या मालगाडीला गार्ड कमी होता. जाता जाता टेबलावर लिफाफा ठेवून म्हणाले, पत्र आत हाये, मोठा फोटो कर आन् परस्पर पोस्टात टाकजो, माह्यासाठी थांबू नोको. त्यांचं वाक्य पुरं झालं नाही, हे मला तेव्हा जाणवलंही नाही.

दुपारी मी निगेटिव्ह दिव्यावर ठेवली. फोटो खरंच चांगला होता. फक्त पोटाखाली काळं होतं. भर उन्हात वरून उजेड, खाली सावली, असं रोजच असतं. नवरदेवाच्या हनुवटीखाली पडते तीच ही. मला वाटलं, माणूस इतका भाजून आला, त्याच्या पाखराला सावलीत कशाला ठेवायचं? पेन्सिलीला टोक केलं आणि भिंग लावून पाऊण तास बसलो. एवढंसं पोट, पण असं साफ केलं की छाती आणि पोटाचा सांधाही दिसू नये. मालक येऊन पाहून गेले, म्हणाले, वा, कबूतर झालं. मी खूश. फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवला, कोपरे कापले आणि त्याच संध्याकाळी टपालात टाकला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं. प्रेमाने केलं हो.

मग ते यायचे थांबले. पावसाळा लागला, लग्नसराई संपली. मला वाटलं ड्युटी बदलली असेल. दिवाळीच्या आधी मुंबईहून फोटोच्या कागदांची पेटी यायची होती, ती सोडवायला मी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गेलो. टेबलामागे गार्डसाहेब बसले होते. अंगात साधा सदरा. शिट्टी नाही, झेंडे नाहीत. एका पेटीवर ब्रशने नंबर घालत होते आणि प्रत्येक आकडा घालून झाला की कागद डोळ्याजवळ नेऊन पुन्हा पाहत होते. या माणसाने कधी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा पाहिलेली मला आठवत नव्हती.

"साहेब, तुम्ही इथे काऊन?"

"डोळे गेले गा माहे," ते म्हणाले. जणू छत्री हरवली.

खिशातून घडी केलेलं पत्र काढलं आणि टाचणीने त्याला लावलेला फोटो. पत्र नम्र होतं. फोटो उत्तम आहे, पण पाखराचं पोट स्पष्ट पांढरं दिसतं, चोचीचा रंग कळत नाही, त्यामुळे हा नदी सुरयच मानावा लागेल. उन्हात पाखराच्या पोटाखाली सावली पडते, तिलाच काळा रंग समजण्याची चूक पुष्कळांकडून होते, वाईट वाटून घेऊ नये. मी फोटोकडे पाहिलं. छाती आणि पोटाचा सांधा कुठेच दिसत नव्हता. ते काय बोलत होते ते तुकड्या-तुकड्यांनी ऐकू येत होतं.

पत्र आलं तोवर नदीला पूर आला होता, वाळू बुडाली, पाखरं गेली. पुन्हा पाहून खात्री करायची तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागलं असतं. आणि गाडी तर रोज होती. तीन हातांवरून ज्याला पांढऱ्याचं काळं दिसतं, त्याने अर्ध्या मैलावरचा सिग्नल कसा पाहावा? म्हणून त्यांनी आपणहून साहेबाला अर्ज दिला की माझे डोळे तपासा. नागपूरच्या डॉक्टराने अंधाऱ्या खोलीत लाल-हिरवे दिवे दाखवले. हे प्रत्येक वेळी सांगत, "हिरवा दिसते जी. पन असन की नाई, सांगता येत नाई." डॉक्टर आधी हसला. मग पाचव्या-सहाव्या दिव्यानंतर त्याने हसणं थांबवलं आणि कागदावर लिहिलं, गाडीसाठी डोळे अपात्र.

"बाप त गेलाच होता," पेटी माझ्याकडे सरकवत ते म्हणाले. "मी सावली पाहून त्याची फेरी चुकवली, हे आता समजलं. अथी सही कर."

मी सही केली. पेटी उचलली आणि चालू लागलो. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. भित्रा म्हणा, काही म्हणा. आठ दिवस मी जेवलो नाही असं नाही, जेवलो, झोपलो, दोन नवऱ्या गोऱ्या केल्या. पण दिव्यावर निगेटिव्ह ठेवली की पेन्सिल टेकवायच्या आधी ते पोटच दिसायचं. नवव्या दिवशी कपाटातून त्यांचं पाकीट काढलं, कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवला आणि पोटावरून फिरवला. पेन्सिल निघाली. मालकांनी विचारलं, काऊन पुसून राह्यला, चांगलं त होतं. फोटो पुन्हा छापला. औषधाच्या ट्रेमध्ये कागदावर हळूहळू पाखरू उमटलं आणि त्याचं पोट काळं कुळकुळीत होतं. सावलीचा काठ असा धारदार नसतो. हे मला, रोज सावल्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला, तेव्हा दिसायला हवं होतं.

रविवारी दुपारी रेल्वेच्या क्वार्टरात गेलो. वहिनींनी दार उघडलं, चहा ठेवला. मी दोन्ही फोटो सतरंजीवर मांडले आणि एका दमात बोलून टाकलं. "साहेब, पोट काळंच होतं. मी पांढरं केलं."

त्यांनी नवा फोटो उचलला, खिडकीपाशी नेला. मग वळले आणि मला खरोखरच विचारलं, रागाने नाही, ज्याला माहीत नाही त्याने विचारावं तसं. "मानसाले गोरं करता हे मले मालूम होतं. पाखराले कोन गोरं करते गा?"

मी म्हणालो, डॉक्टरकडे चला, मी सोबत येतो, लिहून देतो, शपथेवर सांगतो. तुमचे डोळे शाबूत आहेत. गाडी परत मिळेल.

"डोळे चांगले हायेत, हे आज समजलं. बरं वाटलं," ते म्हणाले. "मुंबईले असाच एक फोटो धाडून दे. ते पाखराचं काम हाये. पन मी डॉक्टरकडं नाई जात."

"काऊन?"

"आठ वर्सं पाह्यलं मी त्या पाखराले. तीन हातावरून पाह्यलं. आन् मुंबईहून एक कागद आला, त माह्याच डोळ्यानं पाह्यलेलं मी सोडून देल्लं. एकदाही म्हनलं नाई का बाबा, कागद चुकला असन." ते खाली बसले. "उद्या ब्रेकव्हॅनीत कोनी कागद हाती देल्ला का लाईन साफ हाये, आन् मले समोर लाल दिसला, त मी काय करीन? आतापर्यंत मालूम नव्हतं. आता मालूम हाये. अशा मानसाले गाडीवर चढू देऊ नाई. डॉक्टरनं बरोबर लिहिलं, कारन चुकीचं लिहिलं, एवढंच."

मी भांडलो, हात जोडले, तुमचा काही दोष नाही म्हणालो. ते मान हलवत राहिले. "तुही चूक तू पुसली. माही माह्यापाशी राहू दे." मग घड्याळ पाहिलं, पार्सल ऑफिसची वेळ झाली होती. सदरा चढवला, नवा फोटो वहीत ठेवला, जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. माझे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटलो. माणूस देव आहे.

वहिनी चहा गाळत होत्या. मग कप माझ्यासमोर ठेवला आणि समोर बसल्या.

"त्यायनं तुमाले माफ केलं," त्या म्हणाल्या. "ते तसेच हायेत. बापाची फेरी सोडली, गाव सोडलं, आता गाडी सोडली, आन् साऱ्याइले माफ करून बसले." त्यांनी पदर सावरला. आवाज चढला नव्हता. "आठ वर्सं मी सासरच्या उंबऱ्यात पाय नाई ठेवला. एक त्यायची गाडी होती, तिच्यावर मान वर करून उभे राहत. आता घरी येतात त मले विचारतात, आज भाजीत मीठ बराबर हाये काय. ते मले विचारतात भाऊ. मी नाई माफ केलं तुमाले. करनारही नाई. हे मी तुमाले तोंडावर सांगून राह्यली, मांगून नाई."

मी सतरंजीवरचा जुना फोटो उचलला.

"चहा थंडा होऊन राह्यला," त्या म्हणाल्या. "प्या."

मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो, त्या समोर बसून पाहत असताना.